नवी बॅटरी बसवताना चार्जिंगही जुळवून घ्या

(विद्यापीठाच्या रब्बी शेतकरी मेळाव्यात कृषिविद्या विभागातील एका व्याख्यात्याने दिलेले भाषण)



रब्बी मेळाव्यात कृषिविद्येचा माणूस बोलायला उभा राहिला की तो बियाणे, खते आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी सांगणार, अशी आपली अपेक्षा असते. मी मात्र आज ट्रॅक्टरच्या बॅटरीविषयी बोलणार आहे. मी मेकॅनिक नाही. पण वाफसा आलेल्या सकाळी ट्रॅक्टर सुरू झाला नाही, तर उत्तम बियाणे आणि शिफारशीत खतमात्रा पोत्यातच राहते, हे मी स्वतःच्या घरी पाहिले आहे.

आमची कोरडवाहू काळी जमीन थोरले बंधू पाहतात. काही वर्षांपूर्वी हस्ताचा पाऊस झाला आणि चौथ्या दिवशी वाफसा आला. पहाटे बंधूंनी सेल्फ मारला तर नुसता टक् असा आवाज आला. ट्रॅक्टर सपाट जागेवर, खाली चिखल, त्यामुळे ढकलून सुरू करण्याची सोय नव्हती. शेजाऱ्यांचे ट्रॅक्टर त्यांच्याच पेरणीत गुंतलेले. तालुक्याहून नवी बॅटरी येऊन बसेपर्यंत दोन दिवस गेले. तेवढ्या उन्हात वरची दोन-तीन बोटे माती सुकली आणि ज्वारीची उगवण विरळ झाली. हे नुकसान बॅटरीच्या किमतीपेक्षा मोठे होते.

उतरलेली बॅटरी जेमतेम चौदा महिन्यांची होती. दुकानदार म्हणाला, वापर नीट झाला नाही. बंधू म्हणाले, मालच खराब होता. मग गॅरेजमध्ये “चार्जिंग कमी आहे” असे ठरले आणि दिव्यांचा प्रकाश डोळ्यांनी पाहून रेग्युलेटरचा स्क्रू पिळला गेला. मीटर कोणीच लावला नाही. पुढच्या मे महिन्यात ती नवी बॅटरीही गेली. तिच्या बाजू फुगल्या होत्या आणि उग्र वास येत होता. तेव्हा मी मल्टीमीटर विकत घेतला आणि इंजिन चालू ठेवून बॅटरीवर व्होल्टेज मोजले. ते १५.३ व्होल्ट भरले. बॅटरीला आम्हीच जाळले होते. पहिली बॅटरी बहुधा उपाशी मेली आणि दुसरी अति खाऊन मेली. दोन्ही वेळा दोष मात्र बॅटरीला दिला.

म्हणून आज एकच गोष्ट सांगायची आहे. बॅटरी बदलली की चार्जिंगचे व्होल्टेज मोजावे आणि ते त्या बॅटरीच्या प्रकाराशी जुळते का ते पाहावे. गावरान वाण जाऊन संकरित वाण आला की आपण खताची मात्रा बदलतो. बॅटरीचेही तसेच आहे.

व्होल्टेज कमी-जास्त झाल्यास काय होते?

बारा व्होल्टच्या शिसे-आम्ल बॅटरीत सहा कप्पे, म्हणजे सहा सेल असतात. पूर्ण चार्ज झालेली बॅटरी विश्रांतीच्या स्थितीत १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. तिच्यात वीज भरायची तर डायनॅमो किंवा अल्टरनेटरचा दाब त्याहून जास्त हवा. वरच्या टाकीत पाणी चढवायला पंपाला जादा दाब लागतो, तसेच हे.

दाब कमी पडला तर बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. प्लेटांवर शिशाचे सल्फेट जमते. ते वेळीच विरघळले नाही तर त्याचे कठीण खडे होतात आणि प्लेटचा तेवढा भाग निकामी होतो. दिवे लागतात, हॉर्न वाजतो, पण सेल्फ फिरत नाही. ही उपासमार महिनोन्महिने चालते आणि बाहेरून दिसत नाही.

दाब जास्त झाला तर उलट घडते. सेलमागे २.४ व्होल्ट, म्हणजे बॅटरीवर १४.४ व्होल्टच्या आसपास, आतील पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन वायू जोराने निघू लागतात. पाणी आटते, प्लेटा उघड्या पडतात आणि झिजतात. झाकण उघडणारी बॅटरी असेल तर पाणी घालता येते. बंद बॅटरीत आटलेले पाणी परत घालता येत नाही.

मग सर्व बॅटऱ्यांना एकच आकडा का चालत नाही? कारण प्लेटांचा धातू वेगवेगळा असतो. जुन्या पद्धतीच्या बॅटरीत शिशात अँटिमनी मिसळलेले असते. तिच्यात वायू लवकर सुटू लागतो व पाणी जास्त लागते. हल्लीच्या बंद, बिनदेखभालीच्या बॅटरीत अँटिमनीऐवजी कॅल्शियम असते. तिच्यात वायू कमी सुटतो, पण पूर्ण भरण्यासाठी तिला थोडे जास्त व्होल्टेज लागते. जुन्या बॅटरीसाठी लावलेल्या रेग्युलेटरवर नवी कॅल्शियमची बॅटरी बसवली तर ती अर्धपोटी राहू शकते.

कोणत्या बॅटरीस किती व्होल्टेज?

इंजिन चालू असताना, साधारण २५ अंश सेल्सिअस तापमानास, बॅटरीच्या टर्मिनलवर पुढीलप्रमाणे व्होल्टेज असावे. आपल्या बॅटरीवर किंवा तिच्या माहितीपत्रकावर वेगळा आकडा छापलेला असेल तर तोच प्रमाण मानावा.

१. पाणी घालावी लागणारी साधी बॅटरी : १३.८ ते १४.२ व्होल्ट

२. कमी देखभालीची मिश्र प्रकारची बॅटरी : १४.० ते १४.४ व्होल्ट

३. कॅल्शियमची बंद, बिनदेखभालीची बॅटरी : १४.२ ते १४.८ व्होल्ट

४. एजीएम बॅटरी, म्हणजे काचतंतूच्या गादीत आम्ल शोषून ठेवलेली : १४.४ ते १४.८ व्होल्ट

यात तापमानाचा हिशेब धरावा लागतो. बॅटरी जसजशी तापते तसतसे तिला कमी व्होल्टेज पुरते. दर अंशाला सुमारे ०.०२ व्होल्ट, असे ढोबळ गणित आहे. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. म्हणजे २५ अंशांच्या मानाने सुमारे ०.४ व्होल्ट कमी लागतात. बॅटरी इंजिनजवळ असेल तर ती हवेपेक्षाही जास्त तापते. म्हणून कॅल्शियमच्या बॅटरीला वरच्या टोकाचे १४.८ न देता १४.२ ते १४.४ च्या दरम्यान ठेवणे आपल्या उन्हाळ्यात सुरक्षित ठरते. काही रेग्युलेटर ही घट आपोआप करतात. जुन्या यंत्रांत तशी सोय कमी असते.

मोजणी कशी करावी?

साधा डिजिटल मल्टीमीटर गावातील दोघा-तिघांनी मिळून घेतला तरी चालतो. त्याची कळ डीसी २० व्होल्टवर ठेवावी. लाल तार पॉझिटिव्हला आणि काळी निगेटिव्हला लावावी. मीटरचे टोक टर्मिनलच्या शिशालाच टेकवावे, गंजलेल्या क्लॅम्पला नव्हे.

पहिली मोजणी सकाळी, इंजिन सुरू करण्यापूर्वी करावी. १२.६ किंवा जास्त असेल तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ असेल तर सुमारे तीन चतुर्थांश, १२.२ असेल तर निम्मी आणि १२.० असेल तर जेमतेम पाव भरलेली समजावी.

दुसरी मोजणी सेल्फ मारताना करावी. व्होल्टेज खाली येणारच, पण ते साडेनऊच्या खाली जाऊ नये. भरलेली बॅटरी असूनही गेले तर बॅटरी थकली आहे किंवा सेल्फ जादा प्रवाह ओढत आहे.

तिसरी मोजणी इंजिन दहा-पंधरा मिनिटे चालल्यावर, सुमारे १,५०० फेऱ्यांवर, दिवे बंद ठेवून करावी. हाच चार्जिंगचा खरा आकडा. तो वरील यादीशी ताडून पाहावा.

चौथी मोजणी सर्व दिवे लावून करावी. व्होल्टेज थोडे उतरेल. ते १३.५ च्या खाली घसरले तर कुठे तरी गळती आहे किंवा चार्जिंगची ताकद अपुरी आहे.

आकडा कमी आला म्हणून लगेच रेग्युलेटरला हात घालू नये. आधी पट्टा सैल आहे का ते पाहावे. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर गरम पाण्याने धुऊन खरवडावा. अर्थिंगची तार चासीला जिथे बसते तेथील रंग व गंज काढावा. नंतर इंजिन चालू ठेवून मीटरचे एक टोक अल्टरनेटरच्या मुख्य टर्मिनलला व दुसरे बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावावे. फरक ०.३ व्होल्टपेक्षा जास्त असेल तर दाब तारेतच खर्च होत आहे. तसेच अल्टरनेटरची बॉडी व बॅटरीचे निगेटिव्ह यांत ०.२ पेक्षा जास्त फरक नसावा. आमच्या ट्रॅक्टरवर एका गंजलेल्या जोडात ०.४ व्होल्ट जात होते. पाटचारी गळते म्हणून मोटार बदलण्यात शहाणपण नसते.

रेग्युलेटरची जुळवणी

जुन्या डायनॅमोच्या ट्रॅक्टर व जीपमध्ये कटआऊट-रेग्युलेटरची वेगळी पेटी असते. तिच्यात व्होल्टेज कमी-जास्त करण्याचा स्क्रू असतो. हे काम जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे. मात्र आपण मीटर घेऊन शेजारी उभे राहावे आणि शेवटचा आकडा लिहून घ्यावा. आमच्या पेटीवर तारा साफ केल्यावर १४.३ व्होल्ट लावून घेतले. ती तिसरी बॅटरी आज चौथ्या वर्षात आहे.

अल्टरनेटरमध्ये रेग्युलेटर बहुधा आतच असतो आणि त्याला स्क्रू नसतो. आकडा चुकीचा आला तर तो रेग्युलेटरच बदलावा लागतो. मध्ये एखादा डायोड घालून व्होल्टेज चढवण्याचा जुगाड करू नये.

येथे एक साधा विचार उपयोगी पडतो. चार्जिंग बॅटरीला जुळवता येत नसेल तर बॅटरी चार्जिंगला जुळणारी घ्यावी. तारा साफ करूनही ट्रॅक्टर १३.९ च्या वर जात नसेल, तर पाणी घालण्याची साधी बॅटरीच त्याला मानवते. महागडी बंद बॅटरी तेथे लवकर मरेल. हलक्या जमिनीत भारी जमिनीचा वाण लावू नये, असे आम्ही सांगतो ते याच कारणाने.

मोठी बॅटरी घ्यावी काय?

अनेक जण ७५ अँपिअर-तासांची बॅटरी गेली की जास्त ताकद म्हणून १०० ची बसवतात. व्होल्टेजच्या दृष्टीने दोन्ही सारख्याच. परंतु बॅटरी म्हणजे कोठार आहे, उत्पन्न नव्हे. उत्पन्न डायनॅमो किंवा अल्टरनेटर देतो.

जमा-खर्च मांडून पाहू. सेल्फ ३०० अँपिअर ओढतो असे धरले आणि पाच सेकंद मारला, तर खर्च अर्ध्या अँपिअर-तासापेक्षाही कमी होतो. तो काही मिनिटांत भरून निघतो. खरा खर्च दिव्यांचा. पुढचे दोन आणि मागचा एक असे ५५ वॅटचे तीन दिवे व बाकीचे लहान दिवे मिळून १८० वॅट धरले, तर १५ अँपिअर होतात. गाण्याची टेप तीन अँपिअर घेते असे मानू. एकूण १८. डायनॅमोची क्षमता २२ अँपिअर असली तरी ती इंजिन वेगात असताना. ऊस भरलेली ट्रॉली घेऊन कारखान्याच्या काट्यासमोर रांगेत इंजिन मंद चालते, तेव्हा डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही. दिवे आणि टेप चालू ठेवून तीन तास गेले की ५४ अँपिअर-तासांचा खर्च बॅटरीतून होतो. मोठी बॅटरी ही तूट एक दिवस झाकते, भरून काढत नाही. म्हणून उत्पादकाने सुचवलेल्या क्षमतेचीच बॅटरी घ्यावी आणि रांगेत दिवे व टेप बंद ठेवावेत.

पूर्ण उतरलेली बॅटरी बसवून ती ट्रॅक्टरवरच भरण्याची सवयही वाईट. अल्टरनेटर बराच वेळ पूर्ण भाराने चालून तापतो. अशी बॅटरी आधी चार्जरवर, तिच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याच्या प्रवाहाने भरावी. ८० अँपिअर-तासांच्या बॅटरीस ८ अँपिअर.

नव्या मोटारी आणि पिकअप

ज्यांच्याकडे अलीकडच्या मोटारी वा पिकअप आहेत त्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. यांतील अनेक वाहनांत अल्टरनेटरचे व्होल्टेज संगणक ठरवतो आणि ते चालू स्थितीत वर-खाली होत राहते. एकदा मीटर लावून १३ आले म्हणून बिघाड समजू नये. सिग्नलला इंजिन आपोआप बंद पडून पुन्हा सुरू होणाऱ्या वाहनांत ईएफबी किंवा एजीएम बॅटरी असते. तिच्या जागी स्वस्तातली साधी बॅटरी बसवली तर ती लवकर मरते. काही वाहनांत नव्या बॅटरीचा प्रकार व क्षमता संगणकात नोंदवावी लागते, अन्यथा तो जुन्या, थकलेल्या बॅटरीच्या हिशेबानेच नवी बॅटरी भरत राहतो. वाहनाच्या माहितीपुस्तिकेत हे पाहावे आणि नोंद करून घेतल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नये.

हाच नियम फवारणीच्या पंपाला आणि सौर झटका यंत्रालाही लागू आहे. पंपात शिसे-आम्ल बॅटरीऐवजी लिथियमची बॅटरी घातली तर चार्जरही लिथियमचाच हवा. सौर संचाच्या चार्ज कंट्रोलरवर बॅटरीचा प्रकार निवडण्याची सोय असल्यास, बॅटरी बदलताच ती निवडही बदलावी.

घ्यावयाची काळजी

१. बॅटरी विकत घेतानाच दुकानात व्होल्टेज मोजावे. १२.४ पेक्षा कमी असेल तर भरून मागावी. टर्मिनल डावे-उजवे जुन्या बॅटरीसारखेच आहेत ना ते पाहावे. उलट जोडणी झाली तर अल्टरनेटरचे डायोड क्षणात जळतात.

२. बॅटरी काढताना अर्थिंगची तार प्रथम काढावी आणि बसवताना शेवटी जोडावी. आपल्याकडे बहुतेक वाहनांत निगेटिव्ह अर्थिंग असते, परंतु काही जुन्या विलायती ट्रॅक्टरांत पॉझिटिव्ह असते. खात्री करूनच जोडावे.

३. एका बॅटरीवर दोन ट्रॅक्टर सुरू करण्याची पद्धत गावोगाव आहे. अल्टरनेटर असलेल्या ट्रॅक्टरचे इंजिन चालू असताना बॅटरी कधीही काढू नये. व्होल्टेज एकदम उसळून डायोड व रेग्युलेटर जळतात.

४. साध्या बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. विहिरीच्या वा बोअरच्या पाण्यातील क्षार प्लेटांचा नाश करतात. वरून ॲसिड घालू नये. पाण्याची पातळी पाहण्यासाठी काडी पेटवू नये. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन स्फोटक असतो आणि असा स्फोट चेहऱ्यावर होतो. जवळ विडी-सिगारेटही नको. चार्जिंग मोकळ्या हवेत करावे.

५. ॲसिड डोळ्यांत गेल्यास स्वच्छ पाण्याने किमान पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखान्यात जावे.

६. ट्रॅक्टर महिनाभर उभा राहणार असेल तर अर्थिंगची तार सोडून ठेवावी आणि मधून बॅटरी भरून घ्यावी. उतरलेल्या स्थितीत पडलेली बॅटरी सल्फेट जमून मरते.

७. जुनी बॅटरी फोडू नये आणि तिचे ॲसिड बांधावर वा विहिरीजवळ ओतू नये. त्यातील शिसे मातीत व पाण्यात राहते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. दुकानदार ती घेऊन नवीच्या किमतीत सूटही देतात.

बंधू-भगिनींनो, बॅटरीच्या वॉरंटी कार्डाच्या मागे चार आकडे लिहून ठेवा : बसवल्याची तारीख, सकाळचे व्होल्टेज, चार्जिंगचे व्होल्टेज आणि दिवे लावल्यावरचे व्होल्टेज. खरिपापूर्वी एकदा आणि रब्बीपूर्वी एकदा तेच आकडे पुन्हा घ्या. आकडा सरकू लागला की बिघाड पेरणीच्या दिवशी नव्हे, त्याआधी महिनाभर कळतो. दुकानदाराशी वाद झालाच तर आपल्या हातात कागद असतो.

बियाणे पेरण्यापूर्वी आपण ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवून उगवण तपासतो. त्याच दिवशी दहा मिनिटे काढून ट्रॅक्टरचे व्होल्टेजही तपासावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.